आचाऱ्यांचा सत्कार

एकदा एका आश्रमातल्या संगणकाने शिष्याला प्रश्न विचारला. एरवी प्रश्न शिष्याने विचारायचा आणि उत्तर गुरूने द्यायचे, अशी आश्रमाची रीत; पण संगणकाला रीतभात कोण शिकवणार? सकाळी पडदा उजळला तोच त्यावर एक निळी चौकट उमटली. तिच्यात लिहिले होते, 'नवी प्रणाली तयार आहे. आता बदलायची, की नंतर आठवण करून देऊ?'

शिष्याच्या छातीत धडधडू लागले. या निळ्या चौकटीची तो कितीतरी दिवस वाट पाहत होता. आश्रमात नदीखोऱ्यातल्या बोलीच्या शब्दांचा एक कोश तयार होत होता, आणि तो सगळा जुन्या प्रणालीत, जुन्या फॉन्टमध्ये कोंडून पडला होता. आश्रमाबाहेर कुणाला एखादे पान पाठवावे, तर पलीकडे नुसती चिन्हांची खिचडी दिसायची. नवी प्रणाली आली की तोच कोश कुणाच्याही फोनवर उघडणार होता. मुंबईत नोकरी करणारा खोऱ्यातला पोरगा बसमध्ये बसल्या बसल्या आपल्या आजीचा शब्द शोधू शकणार होता. शिष्याला हे चित्र इतके स्पष्ट दिसत होते की चपला न घालताच तो ओसरीकडे पळत सुटला.

ओसरीवर वृद्ध आचार्य वाल सोलत बसले होते.

"आचार्य, आली."

"कोण आली?"

"नवी प्रणाली." आणि मग शिष्य बोलत सुटला. संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतो, अक्षरं कोरल्यासारखी दिसतात, आपण बोललेलं तो लिहून घेतो, लिहिलेलं वाचून दाखवतो. आचार्यांच्या हातून सोललेले वाल पडत होते आणि शिष्याच्या तोंडून शब्द. शेवटी त्याला दम लागला तेव्हा आचार्यांनी विचारले, "हे सगळं मिळेल ते कळलं. हरवेल काय?"

"हरवेल? जुनी कटकट हरवेल, दुसरं काय."

"बघितलंस का नीट?"

शिष्याने मान डोलावली. खरे तर त्याने काहीच बघितले नव्हते. पण उत्साहात असलेल्या माणसाची मान आपोआप डोलते, त्याला खोटेपणा म्हणता येणार नाही.

इथे त्या आश्रमाच्या दोन रीती सांगायला हव्यात. पहिली अशी की तिथे कुणालाही नावाने हाक मारत नसत. प्रत्येकाची ओळख त्याच्या कामाने. शिकवायचे ते आचार्य. स्वयंपाक करायचे ते आचारी. होडी चालवायचा तो नावाडी. दुसरी रीत अशी की आश्रमातून बाहेर जाणारा प्रत्येक मजकूर आधी आचार्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा. दोन ओळींची सूचना का असेना, वाचून दाखवल्याशिवाय ती उंबरा ओलांडायची नाही. शिष्याला ही दुसरी रीत थोडी वेळखाऊ वाटे, पण तसे तो बोलून दाखवत नसे.

त्याच दुपारी तालुक्याच्या गावाहून संगणकांचा व्यापारी आला. माणूस बोलघेवडा, पण लबाड नव्हे. आपल्या मालावर त्याचा मनापासून विश्वास होता, आणि असा व्यापारी लबाड व्यापाऱ्यापेक्षा जास्त माल खपवतो. ओसरीवर मांडी घालून तो म्हणाला, "आचार्य, जुन्या सिस्टीमला आता बनवणारेसुद्धा विचारत नाहीत. उद्या तिला काही झालं, तर वाली कोण? आणि जुन्या फाइलींची काळजी सोडा. एक बटण दाबायचं, की सगळी अक्षरं युनिकोडमध्ये, कुठल्याही फोनवर दिसतील अशी. रेघ इकडची तिकडे होणार नाही. मी जबाबदार."

शिष्य आचार्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. आश्रमात संगणक तीन होते. तिन्हींना आजच नवे रूप यावे, अशी त्याची इच्छा होती, आणि ती त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेली होती.

"एका संगणकावर करा," आचार्य म्हणाले. "रविवारी आपल्या आचाऱ्यांचा सत्कार आहे. तो होऊन जाऊ दे, मग उरलेल्यांचं ठरवू."

आचाऱ्यांचे आयुष्य या आश्रमाच्या स्वयंपाकघरात गेले होते. आता गुडघे साथ देईनात, म्हणून ते लेकीकडे राहायला जाणार होते. निरोपाचा समारंभ करायचा, खोऱ्यातल्या ओळखीच्या सगळ्यांना बोलवायचे, असे आचार्यांनी ठरवले होते. निमंत्रणाचा मजकूर त्यांनी स्वतः सांगितला होता आणि शिष्याने तो जुन्या प्रणालीत टंकून, वाचूनही दाखवला होता. पाठवायचा तेवढा राहिला होता.

व्यापारी आपल्या पेटीतून तबकड्या आणि तारा काढत होता, तेवढ्यात आचारी दाराशी आले. पदर असता तर त्यांनी तो चाचपला असता, तो नव्हता म्हणून खांद्यावरचा पंचा चाचपत म्हणाले, "शिष्या, ती पत्रिका माझ्या लेकीच्या फोनवर जाईल ना रे?"

"जाईल की. सगळ्यांच्या आधी तिला पाठवतो."

"नाही, म्हणजे," आचारी घुटमळले, "तिच्या सासरची माणसं चांगली आहेत. तिला कोणी काही बोलत नाही. पण व्याही काय करतात, हे चार लोकांत सांगायची वेळ आली की विहीणबाई विषय बदलतात. या वेळी लेकीने घरात सांगितलंय, माझ्या वडिलांचा सत्कार आहे म्हणून. ती पत्रिका तिला सासरी दाखवायची आहे बाबा. तेवढी नीट जाऊ दे."

"काळजीच करू नका," शिष्य म्हणाला. तो अगदी मनापासून म्हणाला.

मग प्रणाली बदलली. काळ्या पडद्यावर शुभ्र ठिपके गोल गोल फिरू लागले आणि शिष्य त्यांच्यापुढे देवघरासमोर बसावे तसा बसून राहिला. व्यापाऱ्याने दोनदा चहा घेतला, शिष्याचा कप तसाच निवून गेला. अखेर पडदा उजळला. काय ते रंग, काय ती अक्षरे! जुन्या प्रणालीत ज्या अक्षरांना कायम हिवताप झाल्यासारखा दिसायचा, ती इथे खणखणीत उभी होती. व्यापाऱ्याने बटण दाबले. जुन्या फाइली एकामागून एक नव्या लिपीत आल्या. शिष्याने कोशाचे पहिले पान आपल्या फोनवर उघडायला घेतले आणि ते उघडले. खिचडी नाही, चौकोन नाहीत, मराठी! त्याचे डोळे भरून आले. हसू नका, ज्याने वर्षानुवर्षे शब्द टंकले आणि ते कुणाला दिसले नाहीत, त्यालाच हे सुख कळेल.

त्या भरात त्याने निमंत्रण उघडले. तारीख बरोबर, वेळ बरोबर. एके ठिकाणी वेलांटी भलत्या अक्षरावर गेली होती, ती त्याने जागेवर आणली. वाचून दाखवायला म्हणून तो ओसरीपर्यंत गेलाही. पण आचार्य मुलांना शिकवत होते, आणि त्याच्या मनात आले, हा मजकूर तर एकदा वाचून झालाय. मजकूर तोच, यंत्र फक्त नवे. त्याने तिथेच उभ्या उभ्या बोट टेकवले आणि निमंत्रण खोरेभर गेले. सगळ्यांत आधी, कबूल केल्याप्रमाणे, आचाऱ्यांच्या लेकीला.

रविवारी सकाळी मांडव माणसांनी भरला. शिष्याने नव्या प्रणालीचा संगणक मांडवात आणून मोठ्या पडद्याला जोडला होता. आचाऱ्यांची जुनी छायाचित्रे दाखवायची त्याची हौस होती. पाहुणे येत होते आणि जो येत होता तो हार, शाल, श्रीफळ घेऊन सरळ ओसरीकडे वळत होता. "अभिनंदन, आचार्य." "फार उशीर केला आश्रमाने, हे आधीच व्हायला हवं होतं." "आचार्य, आम्ही पत्रिका बघितली आणि निघालोच." व्यापाऱ्याने तर जरीची शाल आणली होती.

आचार्य आधी गोंधळले. मग त्यांनी समोरच्या पाहुण्याच्या हातातला फोन मागून घेतला आणि डोळ्यांपासून लांब धरून वाचला. वाचून परत दिला. शिष्य जवळच उभा होता. आचार्यांनी त्याच्याकडे पाहिले.

मांडवाच्या कडेला आचाऱ्यांची लेक उभी होती. तिच्या शेजारी सासू. सासू हलक्या आवाजात, रागाने नव्हे, नुसतेच विचारत होती, "अगं, यात तर आचार्यांचा सत्कार लिहिलाय. तुझे वडील स्वयंपाकाला आहेत ना इथे?" लेक खाली पाहत होती. तिच्या तोंडावरचे रक्त उतरले होते, आणि ते शिष्याला आत्ता दिसले. आपण काहीतरी केले आहे हे त्याला कळले. काय केले आहे हे मात्र अजूनही कळत नव्हते.

इतक्यात आचार्य उठले. सगळ्यांना वाटले, ते मांडवातल्या उंच आसनाकडे जाणार. ते गेले उलट्या दिशेला, स्वयंपाकघरात. उपरणे कमरेला गुंडाळले, आमटीच्या पातेल्यापाशी उभ्या असलेल्या आचाऱ्यांच्या हातातला डाव काढून घेतला आणि म्हणाले, "जा. हातपाय धुवा, नवं धोतर नेसा आणि मांडवातल्या आसनावर जाऊन बसा."

"अहो, पण आमटी?"

"आमटी माझी."

"तुम्हाला येते?"

"बघू," आचार्य म्हणाले.

आचारी मांडवात येऊन आसनाच्या अगदी टोकावर बसले. लोक एकमेकांकडे बघू लागले. जरीची शाल व्यापाऱ्याच्या हातात तशीच राहिली. सत्कार आचार्यांचा, आसनावर आचारी, आणि आचार्य चुलीपाशी. हा कसला समारंभ? कुजबुज वाढत चालली. बऱ्याच वेळाने आचार्य बाहेर आले. कपाळाला काजळी, हातात डाव, दाढीला मसाल्याचा वास.

व्यापाऱ्याला राहवेना. "आचार्य, हा काय प्रकार आहे? पत्रिकेत एक आणि इथे भलतंच."

"खरं आहे," आचार्य म्हणाले. "शिष्या, ती पत्रिका मोठ्याने वाच. जे लिहिलंय तेच वाच, मनातलं नको."

शिष्याने फोन समोर धरला. "सप्रेम नमस्कार. येत्या रविवारी सकाळी आपल्या सर्वांच्या उपस्थितीत, ज्यांच्या हातचे अन्न आपण सर्वांनी खाल्ले, त्या आपल्या आश्रमाच्या आचार्..."

जीभ अडली. डोळ्यांनी हा शब्द त्याने कितीतरी वेळा पाहिला होता आणि दर वेळी मनाने तो बरोबरच वाचला होता. आता तोंडाने वाचताना तो वेगळाच निघाला. "आचार्यांचा," त्याने कसेबसे म्हटले. मांडवात कुणीतरी फिसकन हसले, कारण आचार्यांच्या हातचे अन्न खाल्लेला एकही माणूस तिथे नव्हता.

"आचार्य आणि आचारी," आचार्य म्हणाले. "दोघांना मान द्यायचा तर एकाचं होतं आचार्यांचा, दुसऱ्याचं आचाऱ्यांचा. बोलून बघा. पहिल्यात जीभ आपटते, दुसऱ्यात ती अलगद घसरते. लिहिताना पहिल्यात र हा रफार होऊन य च्या डोक्यावर जातो. दुसऱ्यात तो य च्या शेजारी बसतो, एवढीशी वळलेली रेघ होऊन. हा शेजारी बसणारा र संस्कृताला लागला नाही. तो आपल्या बोलण्यातून आला, आपल्या घरचा आहे. नव्या यंत्राला सांगायला कोणी नव्हतं. शेजारी बसलेल्या र ला त्याने उचलून डोक्यावर चढवला. त्याबरोबर मीही चढलो असतो. आणि या माणसाचा हक्काचा दिवस, त्याच्या लेकीच्या देखत, माझ्या गळ्यात पडला असता. म्हणून म्हटलं, यंत्राने आमच्या जागा बदलल्या आहेत, तर निदान पाय आपले आहेत. मी चुलीपाशी गेलो, त्यांना इथे बसवलं. हिशेब बरोबर झाला. आमटीचं मात्र मी काही बोलत नाही."

लोक हसले. शिष्य हसला नाही. त्याने लेकीकडे पाहिले आणि त्याची मान खाली गेली. मग तो मोठ्याने म्हणाला, "चूक माझी आहे. वाचून दाखवायला आलो होतो आणि परत फिरलो. आचार्य, मी आजच्या आज जुनी प्रणाली परत बसवतो."

"कशाला?" आचार्यांनी विचारले.

शिष्य गडबडला. त्याला वाटले होते, आचार्यांच्या मनातलेच आपण बोलतो आहोत.

"जुन्या यंत्राने तुझा हा र सांभाळला, ते खरं. पण त्याला तरी कुठे माहीत होता तो? त्याच्याकडे त्या रेघेचं नुसतं चित्र होतं. म्हणून उंबऱ्याबाहेर पडलं की त्या चित्राची खिचडी व्हायची. अशा ठिकाणी कोश किती दिवस ठेवणार? तू उत्साहात होतास ते चुकलं नाही. तो उत्साह बघूनच मी होकार दिला. पण घर बदलताना माणूस नव्या घराच्या खिडक्या बघत बसला, तर जुन्या घरातलं काय काय गाडीत चढलं नाही, ते त्याला कळत नाही. मी तुला विचारलं होतं, हरवेल काय? ते तुला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही एवढं म्हणायलाही तुला सवड नव्हती." मग ते व्यापाऱ्याकडे वळले. "तुमच्या या यंत्राला आमचा र लिहिता येतो का?"

व्यापाऱ्याचे कान लाल झाले होते. "येत असणार, आचार्य. मी कधी लिहून बघितला नाही."

"मग बघा की. सगळ्यांसमोर."

शिष्य संगणकाशी बसला. व्यापारी त्याच्या खांद्यावरून वाकला. मोठ्या पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागले आणि अख्खा मांडव मान वर करून बघू लागला. आ. चा. मग र, आणि त्याला य जोडला, तसा र टुणकन उडी मारून डोक्यावर गेला. मांडवात हशा उसळला. "खाली उतरव त्याला," मागून नावाडी ओरडला. शिष्याने तो खोडला. व्यापारी म्हणाला, "थांब, कळफलकावर आणखी एक र आहे बघ, खाली टिंब असलेला. तो कशाला ठेवलाय ते मला आजवर कळलंच नव्हतं." शिष्याने तो टिंबाचा र दाबला. आचाऱ. लोक कुरकुरले, हे तर तिसरेच काहीतरी झाले. त्याने हलन्त दिला, य जोडला, आणि टिंब दिसेनासे झाले. त्याच्या जागी ती इवलीशी रेघ य ला खेटून येऊन बसली.

आचाऱ्यांचा.

मांडवाने टाळ्यांचा कडकडाट केला. एका अक्षराला एवढ्या टाळ्या बहुधा कधी मिळाल्या नसतील. व्यापारी तर शिष्याच्या पाठीवर थापा मारत सुटला होता, जणू हा र त्यानेच शोधून काढला. शिष्याला पुन्हा तीच पहिल्या सकाळची धडधड जाणवत होती. फरक एवढाच, की आता तो पडद्याकडे बघत नव्हता, लेकीकडे बघत होता.

"उरलेले दोन्ही संगणकही बदला," आचार्य म्हणाले. "जुनं मात्र लगेच बंद करायचं नाही. कोशाचं प्रत्येक पान नव्यात आणायचं आणि ते मोठ्याने वाचायचं. ज्याचा शब्द आहे त्याला समोर बसवून. होडीचे शब्द नावाड्याला ऐकवायचे, चुलीचे शब्द आचाऱ्यांना. त्यांच्या लेकीकडे जाऊन ऐकवून या. ज्याचा शब्द त्याने मान हलवली, की मग जुन्यातलं पान मिटायचं."

शिष्याला कोशाची पाने आठवली. त्यात डोंगरातल्या दऱ्या होत्या. त्यांचा एव्हाना दर्या झाला असणार, आणि खोऱ्यात समुद्र शिरला असणार. दोऱ्या, पायऱ्या, सुऱ्या, चऱ्हाटे, सगळ्यांची एकेक करून विचारपूस करावी लागणार होती. काम डोंगराएवढे होते. आणि गंमत अशी, की त्याला ते आत्ताच्या आत्ता सुरू करावेसे वाटत होते.

पण आधी एक काम होते. त्याने दुरुस्त केलेले निमंत्रण पडद्यावर घेतले आणि उभा राहून आचार्यांना पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवले. आचार्यांनी मान हलवली. मग त्याने ते पाठवले. मांडवात ठिकठिकाणी फोन वाजले.

विहीणबाईंनी आपला फोन उघडला. चष्मा वर सरकवला आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचले, "त्या आपल्या आश्रमाच्या आचाऱ्यांचा..." त्या थांबल्या. सुनेकडे पाहिले. मग आचार्यांसाठी आणलेला शेवंतीचा हार त्यांनी पिशवीतून काढला, आसनापाशी गेल्या आणि शेजारच्या बाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "हे आमचे व्याही. इथले आचारी. व्याहीबुवा, जरा वाका."

आचारी वाकले. लेक मांडवाच्या कडेला उभी राहून रडत होती आणि हसत होती.

पुढे त्या शिष्याकडे दूरदूरची माणसे सल्ल्याला येऊ लागली. नवी प्रणाली घ्यावी का, असे कुणी विचारले, की तो हो म्हणत नाही आणि नाही म्हणत नाही. तो त्यांना आपल्या घरातल्या माणसांची नावे तिच्यात लिहायला लावतो, आणि मग ती मोठ्याने वाचायला सांगतो.